भिंतीवरचं फायरप्लेस आणि सत्तरीतली ओल

जुलैमध्ये गोव्याच्या सत्तरी तालुक्यात, वाळपईच्या पुढे, आमच्या बायच्या म्हणजे बहिणीच्या घरी गेलं की दारातच पहिला वास येतो तो ओलीचा. कपाटातल्या चामड्याच्या बॅगेवर हिरवट बुरशी, मिठाला पाणी सुटलेलं, दोरीवरचे टॉवेल तीन दिवस झाले तरी हाताला गार लागतात, आणि पुस्तकांची पानं अशी फुगलेली की पुस्तक नीट मिटत नाही. भाऊजींनी मागच्या दोन खोल्या पावसाळी पाहुण्यांसाठी नीट करून घेतल्या आणि त्यांच्या मनात आलं की भिंतीवर टीव्हीसारखं लटकवायचं फायरप्लेस मिळतं ते बसवूया. घरात सगळ्यांनी एकच विचारलं, गोव्यात कसली आलीय थंडी? प्रश्न बरोबरच आहे, पणजीत जानेवारीतसुद्धा पहाटेचा पारा सरासरी २० अंशांच्या आसपास असतो, सत्तरीत डोंगराच्या कुशीत अजून थोडा खाली उतरतो एवढंच. पण मला भाऊजींची कल्पना आवडली, कारण वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या मुलखात आपण भांडतो ते ओलीशी, आणि ऊब हे ओलीवरचं जुनं औषध आहे.

कसं ते बघा. हवा जितकी गरम तितकी तिच्यात पाण्याची वाफ जास्त मावते. २५ अंशांना एका घनमीटर हवेत जास्तीत जास्त २३ ग्रॅम वाफ राहते, २८ अंशांना तीच २७ ग्रॅमच्या पुढे जाते. म्हणजे खोलीत २५ अंशांना आर्द्रता ९० टक्के असेल आणि तुम्ही फक्त तीन अंश तापमान वाढवलंत, तर पाण्याचा एक थेंबही बाहेर न काढता ती ७५ टक्क्यांवर येते. बुरशीला पृष्ठभागाजवळची हवा साधारण ८० टक्क्यांच्या वर दमट मिळत राहिली की ती फोफावते, त्यामुळे हे तीन अंश दिसायला किरकोळ असले तरी बॅगेचं आणि गादीचं नशीब त्यांच्यावर ठरतं.

आता फायरप्लेस म्हणून दुकानात जे दाखवतात त्यात दोन अगदी वेगळ्या वस्तू असतात आणि इथेच लोक फसतात. एकात खरी ज्योत असते, बायोइथेनॉलवर, म्हणजे पिकांपासून काढलेल्या अल्कोहोलवर जळणारी, धूर नाही, चिमणी नको, प्लग नको, दिसायला अतिशय सुंदर. दुसरं विजेवर चालणारं, त्यातली ज्योत खोटी पण हीटर खरा. भाऊजींचं मन पहिल्यावर बसलेलं, आणि मी त्यांना नको म्हटलं त्याचं कारण धूर किंवा खर्च नव्हतं. कारण होतं पाणी.

इथेनॉल जळतं तेव्हा त्यातला हायड्रोजन ऑक्सिजनशी जोडला जाऊन पाणी तयार होतं. हिशोब शाळेतल्या रसायनशास्त्राचा आहे, ४६ ग्रॅम इथेनॉल जळलं की ५४ ग्रॅम पाणी. एका लिटरचं वजन ७८९ ग्रॅम, म्हणजे एक लिटर इंधनातून सुमारे ९२५ ग्रॅम पाणी, जवळजवळ लिटरभरच! आता १२ बाय १२ ची १० फूट उंच खोली घ्या, ती होते ४१ घनमीटर, आणि २५ अंशांना तिच्या हवेत जास्तीत जास्त वाफ मावते ९४० ग्रॅमच्या आसपास. म्हणजे एक लिटर इंधन जाळणं म्हणजे खोलीभर हवेत मावेल तेवढी सगळी वाफ वरून ओतणं. ज्योत चालू असताना हे कळत नाही कारण हवा गरम असते आणि ती वाफ सांभाळते, पण रात्री ज्योत विझली, भिंती गार झाल्या, की ती वाफ आरशावर, फरशीवर आणि कपाटाच्या मागच्या अंधारात जाऊन बसते.

भाऊजींना हे आकडे पटले नाहीत, म्हणून आम्ही पडवीत करून बघितलं. स्टीलच्या वाटीत चमचाभर इथेनॉल, बाटली झाकण लावून आत लांब ठेवलेली. वर बर्फाचं ताट धरायचं नाही हं, जुलैत बर्फाच्या ताटाला हवेतल्याच वाफेचा घाम फुटतो, मग ज्योतीचं पाणी कुठलं आणि पावसाचं कुठलं ते कळणार नाही. म्हणून खोलीच्याच तापमानाचा, नीट पुसलेला काचेचा पेला सांडशीने पालथा धरला, आणि दोन-तीन सेकंदांत काच आतून धुरकट झाली, मग बोट फिरवलं तर ओलं. भाऊजी बराच वेळ ते बोट बघत होते. मायकेल फॅरेडेने १८६०-६१ च्या नाताळात लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मुलांसमोर हेच केलं होतं, मेणबत्तीवर बर्फाचं भांडं धरून खाली जमलेला थेंब पोटॅशियमला लावला, ते पेटलं, आणि हे पाणीच आहे हे दाखवून दिलं. लंडनच्या डिसेंबरात बर्फ चालतो, आपल्या जुलैत नाही.

यावर बायची सासू म्हणाली, मग आमची चूल रोज जळायची, लाकडातूनही पाणी निघतच असणार, तेव्हा घर कोरडं कसं राहायचं? इतका नेमका प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. उत्तर कौलांत आहे. चुलीची वाफ धुराबरोबर वर चढून कौलांच्या फटींतून निघून जायची, जाताना खालची दमट हवाही ओढून न्यायची, आणि मागे उरायची ती फक्त मातीच्या चुलीत आणि भिंतीत मुरलेली ऊब. म्हणून पुरुमेंतातली, म्हणजे पावसाळ्यासाठी साठवलेली सुकी मासळी, सोलां (कोकमाची सुकवलेली सालं), बियाण्याची वांगी, सगळं चुलीच्या वरच्या माळ्यावर टांगलेलं असायचं, घरातली सगळ्यात कोरडी जागा तीच. पाणी बाहेर, ऊब आत. बिनचिमणीचं इथेनॉल फायरप्लेस बरोब्बर उलटं करतं, सगळं पाणी आतच ठेवतं. गॅसवर चालणारं घेतलंत तरी तेच, एक किलो गॅस जळला की दीड किलोहून जास्त पाणी.

इथेनॉलच्या अजून दोन गोष्टी सांगतो कारण त्या जिवाशी आहेत. एक, एका लिटरमागे दीड किलो कार्बन डायऑक्साइड निघतो, तो मघाच्याच १२ बाय १२ च्या खोलीत पूर्ण कोंडला तर हवेत दोन टक्के होतो, बाहेरच्या हवेत तो ०.०४ टक्के असतो. म्हणून खिडकी उघडी ठेवावीच लागते, आणि खिडकी उघडली की बाहेरचा पाऊस आत, मग ओल घालवणार कशी? दुसरी जास्त भयंकर. इथेनॉलचा फ्लॅश पॉइंट १३ ते १७ अंशांच्या दरम्यान आहे, म्हणजे त्या तापमानाच्या वर त्याच्या पृष्ठभागावर पेट घेईल इतकी वाफ कायम तयार असते. गोव्यातल्या घरात एवढं तापमान खाली जात नाही, त्यामुळे आपल्याकडे इथेनॉलची उघडी बाटली वर्षाचे ३६५ दिवस पेटायला तयारच असते. निळसर ज्योत उजेडात दिसत नाही, माणसाला वाटतं विझली, तो वरून इंधन ओततो आणि ज्योत धारेतून चढत बाटलीत शिरते. पाहुण्यांच्या खोलीत, जिथे कोण कसं वापरेल ते आपल्या हातात नाही, तिथे ही वस्तू ठेवू नका, मी अगदी हात जोडून सांगतो.

राहिलं विजेचं. यातली ज्योत म्हणजे एलईडीची पट्टी, तिच्यासमोर हळूहळू फिरणारी दांडी, दांडीवर छोटे चकचकीत तुकडे, त्यांचं परावर्तन कापलेल्या पत्र्यातून धुरकट पडद्यावर पडतं आणि डोळ्याला ज्वाळा हलल्यासारख्या वाटतात. नुसती ज्योत चालवली तर वीज एखाद्या बल्बइतकीच लागते, उष्णता हवी तेव्हाच हीटर चालू करायचा, हे मला फार सोयीचं वाटतं कारण डिसेंबरात पाहुण्यांना नुसता देखावा पुरतो. एक प्रकार पाण्याच्या धुक्यावर उजेड पाडून ज्योत दाखवतो, ते धुकं शेवटी खोलीतच मुरतं, तेव्हा आपल्याकडे तो नको.

दुकानदार सांगेल आमचं मॉडेल जास्त एफिशियंट आहे, मोठी खोली तापवतं. लक्ष देऊ नका. विजेचा कुठलाही हीटर घेतलेली सगळी वीज उष्णतेतच बदलतो, २००० वॅटचं महागडं फायरप्लेस आणि २००० वॅटचा साधा हीटर तासाला सारखेच दोन युनिट खातात आणि सारखीच ऊब देतात. जास्तीचे पैसे दिसण्याचे, आवाज कमी असण्याचे, थर्मोस्टॅटचे. बघायचं ते आत तारेची कॉइल आहे की पीटीसी सिरॅमिक. पीटीसीचा गुण असा की ठरावीक तापमानाच्या वर गेलं की त्याचा विजेला होणारा विरोध एकदम वाढतो आणि ते आपणच वीज कमी घ्यायला लागतं, पंखा अडला, जाळीत धूळ बसली तरी ते लालबुंद होत नाही. आपल्याकडे जाळीत कुंभारीण माशी मातीचं घर करते, पाल जाऊन बसते, तेव्हा मी पीटीसीच घ्या म्हणेन. आयएसआय मार्क बघाच. आणि नुसती ओलच काढायची असेल, ज्योतीचं काही वेड नसेल, तर डीह्युमिडिफायर, म्हणजे हवेतलं पाणी ओढून घेणारं यंत्र, कमी विजेत जास्त काम करतं, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं.

खोली कुठली हेही महत्त्वाचं. वर उघडी मंगलोरी कौलं असतील तर गरम हवा सरळ वर जाऊन फटींतून पसार होते, चुलीला जे चालायचं ते इथे चालत नाही कारण चूल दिवसभर जळायची. खाली सीलिंग किंवा फळ्यांचा माळा असलेली खोलीच निवडा. आणि हवा तापायला वेळ लागत नाही हो, ४१ घनमीटर हवा तीन अंशांनी तापवायला १००० वॅटला अडीच मिनिटंही लागत नाहीत, वेळ खातात त्या चिऱ्याच्या दीड-दीड फुटी भिंती. म्हणून पाहुणे यायच्या तास-दोन तास आधी चालू करायचं.

त्या चिऱ्यातच मग ड्रिल मारायचा असतो आणि खरा त्रास तिथे. चिरा म्हणजे जांभा दगड, याला लॅटेराइट हे नाव फ्रान्सिस बुकॅनन यांनी १८०७ मध्ये दिलं, लॅटिनमध्ये विटेला जो शब्द आहे त्यावरून, कारण केरळात त्यांनी लोकांना तो खाणीतून विटेसारखा कापताना पाहिला. दगड आतून भोकाभोकांचा असतो. बायकडे ड्रिल पहिले दोन इंच करकरत गेला आणि मग एकदम लोण्यात गेल्यासारखा आत घुसला, बाहेर आली ती लाल ओली माती. तिथे साधी प्लास्टिकची गिट्टी ठोकली असती तर बोटाने फिरली असती. आम्ही ते भोक चुन्या-सिमेंटने बुजवलं आणि चार इंच बाजूला गेलो. नियम साधा, भोक दगडाच्या मधोमध घ्या, दरजेत म्हणजे दोन चिऱ्यांमधल्या सांध्यात कधीच नाही, जुन्या घरांत दरजेत नुसती माती असते. पोकळी लागली तर केमिकल अँकर, त्याची राळ पोकळ्यांत शिरून घट्ट बसते. नाहीतर दोन-तीन चिऱ्यांवर जाईल अशी लाकडी पट्टी आधी ठोका आणि त्यावर ब्रॅकेट.

वजनाची लोकांना उगाच भीती वाटते. २५ किलोचं यंत्र, १५ सेंटिमीटर खोल, म्हणजे त्याचं वजन भिंतीपासून साडेसात सेंटिमीटरवर. वरच्या स्क्रूपासून ४० सेंटिमीटर खाली ते भिंतीला टेकतं, तर वरच्या स्क्रूंना भिंतीतून बाहेर ओढणारा जोर सगळा मिळून पाच किलोच्या आतच भरतो, बाकी भार खाली दाबणारा. पण एखादं पोर पुढच्या काचेला लोंबकळलं तर हा हिशोब कित्येक पटींनी बदलतो, म्हणून स्क्रू चार घाला, आणि मोरजी-कळंगुटसारख्या किनाऱ्यावर राहत असाल तर स्टेनलेस स्टीलचेच, खारी हवा साध्या स्क्रूला खाते. उंची अशी की खुर्चीत बसल्यावर ज्योत डोळ्यांच्या थोडी खाली येईल. पडदे आणि गादी तीन फूट लांब, आणि वर टीव्ही लावायचाच असेल तर गरम हवा पुढून फेकणारं मॉडेल घ्या.

शेवटचं वायरिंग, आणि यात कुणाचंही ऐकून काटकसर करू नका. २००० वॅट भागिले २३० व्होल्ट म्हणजे ८.७ अँपिअर, मोबाइल चार्जरच्या ६ अँपिअरच्या सॉकेटचं हे काम नाही. १६ अँपिअरचं सॉकेट, मीटर बोर्डापासून स्वतंत्र २.५ स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर, जमलं तर ४ ची, नीट अर्थिंग, आणि ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे वीज गळायला लागली की लाइन तोडणारा स्विच, कारण ओल्या भिंतीत गळती ही होणारच म्हणून धरून चालायचं. एक्स्टेंशन बोर्ड मुळीच नाही. आमच्या भाऊजींच्या इलेक्ट्रिशियनने तोच लावून दिला होता, म्हणाला तात्पुरता चालतो. सॉकेटच्या आत पिन धरणाऱ्या गंजलेल्या, सैल पत्तीचा विरोध समजा फक्त ०.२ ओहम असेल, तर ८.७ चा वर्ग गुणिले ०.२, म्हणजे १५ वॅट उष्णता पिनेच्या टोकाएवढ्या जागेत, छोट्या सोल्डरिंग आयर्नची असते तेवढी. बोर्डाचं प्लास्टिक तपकिरी झालेलं दिसलं तेव्हा तो काढून आम्ही भिंतीतून नवी लाइन ओढली.

आता तिथे रोज संध्याकाळी पाऊण तास हीटर लावतात. खोलीत टांगलेला हायग्रोमीटर, म्हणजे आर्द्रता मोजणारं यंत्र, हीटर लावण्याआधी ८८ टक्के दाखवत होता, मी होतो त्या संध्याकाळी तासाभराने ७४ वर आला. पाऊस ओसरला की बाय मऊ ब्रशने जाळी झाडते, आणि पहिल्यांदा लावलं की अर्ध्या तासाने स्विच बंद करून प्लगच्या प्लास्टिकवर तळहात ठेवून बघते. कोमट लागला तर ठीक, चटका बसला तर त्या दिवशी हीटर नाही, आधी सॉकेट उघडून पत्त्या बघायच्या.