चावी-व्यवस्थापन, तुटक जाळ्यांतील

ज्या जाळ्यात दोन टोकांमध्ये सलग वाट क्वचितच मिळते, तिथे कूटलेखनाच्या (संदेश गुप्त ठेवण्याच्या आणि तो कोणाचा हे पटवण्याच्या) चाव्या बनवणे, पोचवणे, बदलणे आणि बाद करणे यांची व्यवस्था. पुस्तकी मराठीत चावीला ‘कूटकुंजी’ म्हणतात. काम करणारे सरळ ‘की’ म्हणतात.

अशा जाळ्याचे चित्र कोल्हापूरकरांना वेगळे समजावून सांगावे लागत नाही. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांवर गेली की इशारा, ४३ फुटांवर धोका. २०१९ आणि २०२१ साली ती ५० फुटांच्याही वर गेली. प्रयाग चिखली, आंबेवाडी किंवा शिरोळ तालुक्यातल्या गावांचा रस्ता पाण्याखाली जातो, वीज जाते आणि टॉवरची बॅटरी संपली की रेंजही जाते. समजा, चिखलीतल्या फोनवरचा संदेश बचावाच्या नावेतल्या फोनने उचलला आणि नाव काठाला लागून रेंज मिळाल्यावर पुढे धाडला. साठवायचे, वाहून न्यायचे, भेट होताच हवाली करायचे : तुटक जाळे एवढेच करते. या कल्पनेचे मूळ मात्र अंतराळात आहे. मंगळापर्यंत संदेश एका दिशेने जायलाच सुमारे ३ ते २२ मिनिटे लागतात. संगणकशास्त्रज्ञ केविन फॉल यांनी २००३ मध्ये हीच मांडणी पृथ्वीवरच्या अडचणीतल्या जाळ्यांसाठी केली. तिचा सध्याचा ‘बंडल प्रोटोकॉल’, म्हणजे संदेशांचे गठ्ठे पुढे नेण्याचे नियम (आरएफसी ९१७१; आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या नियमांचे क्रमांकित दस्तऐवज) आणि त्याची सुरक्षा (आरएफसी ९१७२) २०२२ मध्ये प्रसिद्ध झाली. गंमत अशी, की यातले सुरक्षेचे मानक चाव्यांची व्यवस्था ठरवून देतच नाही. ते काम ज्याचे त्याने बघायचे.

नेहमीच्या इंटरनेटवर चावी जागेवर ठरते. ब्राउझर आणि सर्व्हर दोन-चार निरोपांत ती ठरवून मोकळे होतात. नाव निघून गेल्यावर उत्तर द्यायला समोर कोणीच नसते. म्हणून चाव्या आधीच, कोरड्या दिवसांत, वाटून ठेवाव्या लागतात. सगळ्यांना एकच चावी दिली तर एक फोन हरवताच सगळे जाळे उघडे पडते. प्रत्येक जोडीला वेगळी द्यायची तर २०० फोनांना १९,९०० चाव्या लागतात. म्हणून सहीचे प्रमाणपत्र, म्हणजे ‘ही चावी याचीच’ असा वरिष्ठ संस्थेने डिजिटल सही केलेला दाखला, सोयीचे : त्या संस्थेची सार्वजनिक चावी (ही कोणालाही देता येते, तिची जोडीदार खाजगी चावी मालकाकडेच राहते) फोनमध्ये असली की सही रेंजशिवाय तपासता येते. आधारचा क्यूआर कोड ऑफलाइन पडताळता येतो, तो याच तत्त्वावर. कूटलेखनतज्ज्ञ शमीर यांनी १९८४ मध्ये सुचवलेल्या आणि बोने व फ्रँकलिन यांनी २००१ मध्ये व्यवहार्य केलेल्या पद्धतीत तर माणसाचे नाव किंवा नंबर हीच त्याची सार्वजनिक चावी. कागदावर हे फार देखणे दिसते. पण खाजगी चाव्या बनवणारी कचेरी सगळ्यांचे सगळे वाचू शकते, हे विसरून चालत नाही.

चावी देणे अशा रीतीने जमते. ती परत घेताना मात्र, कोल्हापुरी भाषेत, ‘विषय हार्ड’ होतो. स्वयंसेवकाचा फोन छावणीत हरवला. नियंत्रण कक्षाने सकाळी दहा वाजता त्याची चावी बाद यादीत टाकली. यादी घेऊन नाव निघाली, पण वाटेत दुसऱ्या गावाला वळली. चिखलीत संध्याकाळपर्यंत ती चावी खरीच मानली जाते. यावर प्रमाणपत्राची मुदत २४ तासांची ठेवावी, असा उपाय सुचवतात. मग नाव दोन दिवस आली नाही, तर प्रामाणिक माणसांचे फोनही बाद होतात. शिवाय कोणी जुनीच यादी पुन्हा पुढे केली तर? म्हणून प्रत्येक यादीला चढता क्रमांक हवा आणि हातातल्यापेक्षा लहान क्रमांकाची यादी फोनने घेऊच नये.

सगळ्या संदेशांना एकच नियम लावणे हेही चूकच. ‘आजीची इन्सुलिन संपली’ हा निरोप मुदत संपलेल्या चावीने आला तरी घ्यावा, फक्त त्यावर तशी खूण करावी. ‘राधानगरीचे दरवाजे उघडले’ या निरोपाला मात्र ताजी, बाद न झालेली सहीच लागली पाहिजे. राधानगरी धरणाचे सातही दरवाजे स्वयंचलित आहेत, पाणी चढले की आपोआप उघडतात. त्यामुळे ही बातमी खोटी असली तरी पावसाळ्यात कोणालाही पटते, आणि धरणाखालच्या भोगावती नदीकाठी रात्रीत घरे रिकामी होतात.

मुदत तपासायची तर घड्याळ बरोबर हवे, आणि नेमके तेच या जाळ्यात हमखास बिघडते. पातळी मोजणाऱ्या लहान यंत्राची बॅटरी पूर्ण उतरली, की पुन्हा सुरू होताना ते बऱ्याचदा १ जानेवारी १९७० ही तारीख धरते. मग त्याच्या लेखी प्रत्येक प्रमाणपत्र ‘अजून लागू झालेले नाही’. अशा यंत्राने, शेवटच्या तपासलेल्या सहीवरची तारीख जपून ठेवावी आणि घड्याळ काहीही दाखवो, त्या तारखेच्या मागे जाऊ नये.