वडिलांची जमीन राजाच्या ताब्यातून सोडवून घेताना: 15 व्या शतकातल्या इंग्लंडमधली वारसाची अर्ज प्रक्रिया, पात्रता आणि कागदपत्रे

वडील गेले, थोरला मुलगा मी, म्हणजे जमीन माझी. 15 व्या शतकातल्या इंग्लंडमधली जेन्ट्री, म्हणजे मोठ्या सरदारांच्या खालच्या दर्जाच्या जमीनदार, घराण्यांतली मुलं असं धरून चालत आणि तिथेच अडकत. वारसा लगेच लागू होतो हे खरं, पण ताबा लगेच मिळत नाही. जमीन नाइटसेवेच्या, म्हणजे लष्करी सेवेच्या, अटीवर थेट राजाकडून धरलेली असेल, तर धारक वारल्याबरोबर राजा ती आपल्या हाती घेतो. चौकशी, वयाचा पुरावा, नजराणा आणि निष्ठेची शपथ पार पडल्यावरच ती वारसाला सुटते. मधल्या काळातलं उत्पन्न राजाचं. उशीर होईल तितकं नुकसान वारसाचं, त्यामुळे अर्जातली एखादी चूकही महागात पडते.

आधी हे पाहा: जमीन धरली आहे कोणाकडून?

इंग्लंडच्या कायद्यात जमिनीचा निखळ मालक फक्त राजा. बाकी सगळे कोणाकडून तरी, कोणत्या तरी सेवेच्या अटीवर जमीन धरतात. एखाद्या एस्क्वायरचं, म्हणजे नाइटपेक्षा खालच्या दर्जाच्या जमीनदाराचं, एक मॅनर (जमीनदारी) मठाकडून असतं, दुसरं एखाद्या अर्लकडून, आणि कुठेतरी कोपऱ्यात दोन-चार एकर राजाकडून. बहुतेक घरं त्या दोन-चार एकरांकडे दुर्लक्ष करतात, आणि घात तिथेच होतो. नाइटसेवेच्या अटीवर राजाकडून धरलेला एवढासा तुकडा असला आणि वारस अज्ञान, म्हणजे वयात न आलेला, असला, तर इतर सरदारांकडून नाइटसेवेवर धरलेल्या जमिनीही राजाच्या ताब्यात जातात. मुलाचं लग्न ठरवण्याचा हक्कही त्यांच्याबरोबर जातो. राजा हे पालकत्व विकतो किंवा मर्जीतल्या माणसाला बहाल करतो. आई जिवंत असली तरी मुलगा तिच्याकडे राहील याची खात्री नाही. ज्यांनी हे पालकत्व पैसे मोजून घेतलं, ते घातलेले पैसे वसूल करायलाच बसलेले असतात. मुलगा हाती येतो तेव्हा जंगल तोडलेलं आणि घरं पडायला आलेली असतात.

फक्त सॉकेज प्रकारची, म्हणजे लष्करी सेवा नसलेली जमीन असेल तर हा जाच नाही. तिथे मूल 14 वर्षांचं होईपर्यंत ज्याला त्या जमिनीचा वारसा लागू शकत नाही असा जवळचा नातेवाईक ती सांभाळतो आणि नंतर हिशेब देतो. हा नियम शहाणपणाचा आहे. नाइटसेवेच्या जमिनींना तो लावला असता तर किती मुलांचं भलं झालं असतं.

वारस कोण ठरतो

थोरला मुलगा सगळं घेतो. मुलगा नसेल तर सगळ्या मुली समान वाट्याने घेतात, थोरलीला जास्त नाही. केंट परगण्यात गॅव्हलकाइंड नावाची जुनी चाल आहे आणि त्या जमिनी मुलग्यांत सारख्या वाटल्या जातात. इथपर्यंत गोंधळ होत नाही. अर्ज फेटाळले जातात ते पुढच्या तीन कारणांनी.

पहिलं, लग्नाआधी जन्मलेलं मूल. आईवडिलांनी नंतर लग्न केलं तर चर्च त्या मुलाला औरस मानतं. राजाचं न्यायालय मानत नाही. 1236 मध्ये मर्टन इथे बिशपांनी हा फरक मिटवायची मागणी केली, तेव्हा इंग्लंडचे कायदे बदलायची आमची इच्छा नाही, असं म्हणून सरदारांनी ती झिडकारली. बिशपचा दाखला घेऊन आलेला मुलगा म्हणूनच रिकाम्या हाताने परत जातो. हे अन्यायाचं आहे, पण वेळेवर कळलं तर वडिलांना जिवंतपणी दुसरी तजवीज करता येते.

दुसरं, सावत्र नातं. जमिनीचा ताबा घेऊन बसलेला भाऊ निपुत्रिक वारला, तर सावत्र भावाला ती मिळत नाही, मग वडील एकच का असेनात. सख्खी बहीण, ती नसेल तर चुलता त्याच्या पुढे जातो. त्याचप्रमाणे जमीन वर चढत नाही: मुलाची जमीन बापाला वारशाने येत नाही.

तिसरं, जुनं बंधनपत्र. 1285 च्या कायद्यापासून जमीन 'अमुक आणि त्याची संतती' किंवा 'अमुक आणि त्याचे पुरुष वंशज' अशी बांधून देता येते. आजोबांनी 'पुरुष वंशज' लिहून ठेवलं असेल तर मुलगी एकुलती एक असूनही पुतण्या पुढे येतो. बर्कली घराण्यात हेच झालं. 1417 मध्ये टॉमस बर्कली वारले. मागे मुलगी एलिझाबेथ आणि पुतण्या जेम्स. पुतण्याच्या बाजूला पुरुष वंशजांचं बंधनपत्र, मुलीच्या बाजूला रक्ताचा हक्क. हे भांडण पिढ्यानपिढ्या चाललं, 1470 मध्ये निबली ग्रीन इथे दोन्ही बाजूंच्या माणसांत उघड लढाई झाली, आणि शेवटचा निवाडा 1609 मध्ये झाला. म्हणून सांगते, पेटीतलं प्रत्येक जुनं पत्र आधी वाचून घ्या.

चौकशीचा हुकूम

चान्सरीतून, म्हणजे राजाचे हुकूम काढणाऱ्या कचेरीतून, एस्चीटरच्या नावे हुकूम निघतो. एस्चीटर म्हणजे काउंटीतला राजाचा अधिकारी, वारसाविना किंवा अज्ञान वारसाकडे राहिलेल्या जमिनींवर नजर ठेवणारा. जमीन जितक्या एस्चीटरांच्या हद्दीत, तितके हुकूम वेगळे. नॉरफकचा कागद एसेक्समध्ये चालत नाही. हुकूम आपसूक निघेल म्हणून थांबू नका, पाठपुरावा घरच्यांनाच करावा लागतो. मृत्यूला वर्ष उलटलं तर नेहमीचा हुकूम मिळत नाही, दुसऱ्या प्रकारचा मागावा लागतो.

एस्चीटर स्थानिक 12 किंवा अधिक पंचांना शपथ देऊन विचारतो: मृताकडे कोणती जमीन होती, कोणाकडून, कोणत्या सेवेवर, वार्षिक उत्पन्न किती, मृत्यू कधी झाला, जवळचा वारस कोण आणि त्याचं वय काय. पंचांच्या मोहरा लागून कागद चान्सरीत परत जातो. 1429 च्या कायद्याने चौकशी झाल्यापासून महिन्याच्या आत तो पोचवणं एस्चीटरवर बंधनकारक आहे. पुष्कळ लोक हा महिना मृत्यूपासून मोजतात. तसं नाही. चौकशी घेण्यालाच उशीर झाला, तर हा कायदा वारसाच्या उपयोगी पडत नाही. एस्चीटरचं पद एका वर्षापुरतं असतं, त्यामुळे काम रखडलं की माणूस बदलतो आणि नव्याला सगळं पुन्हा समजवावं लागतं.

सगळ्यात वाईट उत्तर म्हणजे 'जमीन कोणाकडून धरली होती, पंचांना माहीत नाही.' चौकशीच्या कागदांत हे वाक्य वारंवार दिसतं. ते आलं की चान्सरी अधिक चौकशीचा नवा हुकूम काढते आणि महिने जातात. म्हणून चौकशीच्या दिवशी बंधनपत्रं, नवराबायकोच्या संयुक्त नावाची पत्रं आणि जमीन हस्तांतराची राजपरवानगी घेऊन कोणीतरी जाणतं माणूस हजर ठेवा. पंच शेजारीपाजारीच असतात, पण दाखवलं नाही ते त्यांनी लिहावं तरी कसं? एकदा चुकीचं लिहिलं गेलं की त्याला चान्सरीत हरकत घ्यावी लागते, मग किंग्ज बेंच या राजाच्या न्यायालयापुढे नव्या पंचांसमोर खटला चालतो.

आणि कृपा करून, ताबा मिळण्याआधी खंड गोळा करू नका, शेतात नांगर घालू नका. याला घुसखोरी म्हणतात. घेतलेल्या उत्पन्नाचा हिशेब द्यावा लागतो आणि वर माफीसाठी पैसे मोजावे लागतात. बापाच्या शेतात उभा राहिल्याबद्दल मुलाला राजाची माफी मागायला लावणं, याइतकं जिवाला लागणारं दुसरं काही या प्रक्रियेत नाही.

वयाचा पुरावा: जो कागद कोणाकडेच नाही

पालकत्वाखालचा मुलगा 21 पूर्ण झाल्यावर सुटतो. मुलीचं वेगळं आहे. वडील वारले तेव्हा ती 14 पूर्ण असेल तर पालकत्व लागतच नाही. लहान असेल तर लग्न झालेलीला 14 ला आणि न झालेलीला 16 ला जमीन मिळते.

पण जन्मतारीख सिद्ध करायची कशी? चर्चमध्ये बारशांची नोंदवही ठेवण्याचा हुकूम 1538 मध्ये आला. त्याआधी कुठे एखाद्या प्रार्थनापुस्तकात कोणी तारीख टिपली असेल तर नशीब. म्हणून वेगळा हुकूम मागून 12 साक्षीदार उभे करावे लागतात. प्रत्येकाने शपथेवर सांगायचं की मूल अमुक दिवशी, अमुक चर्चमध्ये बाप्तिस्मा पावलं, आणि मला ते का आठवतं. त्याच दिवशी माझा पाय मोडला. त्याच आठवड्यात मला मुलगा झाला. घर जळालं. बापाला पुरलं. एकट्याची साक्ष पुसट वाटते, बाराजणांच्या मिळून एक तारीख उभी राहते.

यात तीन ठिकाणी पाय घसरतो. साक्षीदार 42 च्या पुढचा हवा, म्हणजे मुलाच्या जन्मावेळी तो स्वतः सज्ञान होता असं दिसतं. तरुण मित्र आणून उपयोग नाही. ज्याच्याकडे पालकत्व आहे त्याला हजर राहण्याची सूचना जायलाच हवी. तो आला नाही तरी चालतं, सूचना गेली नसेल तर सगळं फुकट. आणि बापाच्या मृत्यूवेळच्या चौकशीत लिहिलेलं वय आधी पाहा. तिथे पंचांनी अंदाजाने 'आठ आणि जास्त' लिहिलेलं असतं. साक्षीदारांची तारीख त्याच्याशी जुळली नाही तर पालकाला बोट ठेवायला जागा मिळते.

विधवेचा हिस्सा आणि पैसे

लग्नाच्या काळात नवऱ्याच्या ताब्यात असलेल्या जमिनीचा तिसरा हिस्सा विधवेला हयातभर मिळतो. राजाकडच्या जमिनीत मात्र, परवानगीशिवाय पुन्हा लग्न करणार नाही, अशी शपथ तिने घेतल्यावर एस्चीटर तो मोजून देतो. मुलगे आईच्या या हिश्शावरून रुसतात. रुसू नये, तो तिचा हक्क आहे. संयुक्त नावाची जमीन असेल तर ती तिच्याकडे थेट राहते, तिथे पालकत्वही लागत नाही.

नजराण्याचा दर मॅग्ना कार्टा या जुन्या सनदेने बांधून दिला आहे: एका नाइटच्या सेवेच्या अटीवर दिलेल्या जमिनीला जास्तीत जास्त 100 शिलिंग. पालकत्वाखाली राहून सज्ञान झालेल्याला तो द्यावा लागत नाही. कोणी मागितला तर देऊ नका.

हे सगळं टाळण्याची वाट

जेन्ट्री घराण्यांनी यावर शोधलेला उपाय असा: वडिलांनी जिवंतपणीच जमीन पाच-दहा विश्वासू माणसांच्या नावे करायची आणि आपल्या मृत्यूनंतर तिचं काय करायचं हे त्यांना सांगून ठेवायचं. कायद्याने धारक ही मंडळी, त्यामुळे वडील वारले तरी धारक वारला असं होत नाही. चौकशीत 'मृताकडे काही जमीन नव्हती' असं येतं आणि पालकत्व टळतं. धाकट्या मुलांची आणि मुलींच्या हुंड्याची सोयही यातूनच होते, कारण मृत्युपत्राने जमीन देता येत नाही. राजाकडच्या जमिनीसाठी मात्र आधी परवानगी काढा. 1327 पासून विनापरवाना हस्तांतराला जप्तीऐवजी दंड आहे, पण तो दंडही जड असतो.

माणसं निवडताना मोठ्या नावांना भुलू नका. सर जॉन फास्टॉल्फ 5 नोव्हेंबर 1459 ला वारले. त्यांच्या जमिनी अशाच विश्वस्तांच्या नावे होत्या. अखेरच्या दिवसांत त्यांनी सगळं नॉरफकमधल्या जेन्ट्री घराण्यातल्या जॉन पॅस्टनला द्यायला सांगितलं असं पॅस्टनचं म्हणणं, आणि विश्वस्तांपैकीच विल्यम येल्व्हर्टनसारख्यांनी ते नाकारलं. 1469 मध्ये नॉरफकच्या ड्यूकने फास्टॉल्फांच्या केस्टरच्या गढीला वेढा घालून ती घेतली. 1476 मध्ये ड्यूक वारला तेव्हाच ती पॅस्टनांना परत मिळाली. तोवर जॉन पॅस्टनला जाऊन दहा वर्षं झाली होती.

त्यामुळे शेवटची इच्छा लेखी ठेवा, धडधाकट असताना ठेवा, आणि तिची प्रत पत्नीकडे द्या. विश्वस्तांत निदान दोघे तिशीतले असू द्यात. ते एकेक करून वारत जातात, आणि शेवटच्या एकट्याच्या नावावर जमीन असताना तोही गेला तर त्याच्याच वारसावर ती जमीन उतरते, म्हणजे पुन्हा एस्चीटर दारात. दोन-तीनच उरले की त्यांच्याकडून नव्या मंडळींच्या नावे पत्र करून घ्या.