जस्त कुठे आहे, ते आधी बघा

माझा भाचा नववीत आहे. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी त्याने ५५५ आयसी, म्हणजे ठरावीक वेळाने चालू-बंद करणारी चिप, वापरून लुकलुकणारा दिवा ब्रेडबोर्डवर, म्हणजे सोल्डर न करता भाग खोचायच्या पट्टीवर, जोडला. बॅटरी लावताच दिवा लागला नाही, आयसी मात्र इतकी तापली की त्याच्या बोटाला चटका बसला. "मामा, सगळं आकृतीत आहे तसंच लावलंय," तो म्हणाला. मी तपासलं, तर ते खरंच होतं. त्याने फक्त एक काटकसर केली होती. नऊ व्होल्टच्या बॅटरीची क्लिप विकत आणण्याऐवजी एका संपलेल्या बॅटरीचं टोपण काढून त्यालाच वायरी सोल्डर केल्या होत्या. युक्ती चांगली आहे, शाळेत असताना मीही ती बरीच वापरली. पण तिच्यात प्लस आणि मायनसची अदलाबदल होते.

बॅटरी हातात घेऊन बघितलं की हे पटकन कळतं. तिच्या डोक्यावर दोन बटणं असतात. लहान गोल बटण प्लस, पाकळ्यांचं मोठं बटण मायनस. जुनं टोपण नव्या बॅटरीवर पालथं बसवताना त्याचं लहान बटण नव्या बॅटरीच्या मोठ्या बटणात शिरतं. कालपर्यंत जे प्लस होतं, ते आज मायनसला जाऊन बसलं. भाच्याने लाल वायर लावली होती ती या लहान बटणालाच, कारण जुन्या बॅटरीवर त्याच्याशेजारी प्लसची खूण छापलेली होती.

म्हणजे प्लस काही बटणाच्या आकारात नसतो. वायरीच्या रंगातही नसतो, रंग हा माणसांनी ठरवलेला संकेत आहे. मग तो असतो कुठे? आपल्या रोजच्या सेलपुरतं उत्तर सोपं आहे. जस्त शोधा. जस्ताला जोडलेलं टोक मायनस, उरलेलं प्लस.

जस्ताच्या अणूला बाहेरचे दोन इलेक्ट्रॉन सोडून देणं सोपं जातं. सेलमधल्या दुसऱ्या पदार्थाला, म्हणजे मँगनीज डायऑक्साइडला, इलेक्ट्रॉन घेण्याची ओढ असते. दोघांच्या मध्ये ओलसर रसायन असतं. त्यातून आयन, म्हणजे विद्युतभार असलेले अणू, जाऊ शकतात, इलेक्ट्रॉन जाऊ शकत नाहीत. त्यामुळे इलेक्ट्रॉनांना बाहेरच्या वायरीतून, दिव्यातून, आयसीतून वळसा घालून जावं लागतं. आपलं सगळं सर्किट या वळशावर चालतं, आणि हे मला आजही विलक्षण वाटतं. या ओढीचं माप सुमारे दीड व्होल्ट. नऊ व्होल्टच्या बॅटरीत असे सहा सेल एकापुढे एक जोडलेले असतात.

आता हा नियम लावून बघा. भिंतीवरच्या घड्याळात घालतो त्या साध्या, स्वस्त सेलचा डबाच जस्ताचा असतो. मधोमध कार्बनची कांडी आणि तिच्या डोक्यावर धातूची टोपी. म्हणून तळ मायनस, टोपी प्लस. सेल वापरला जातो तसा हा डबाच झिजत जातो, आणि म्हणून जुने सेल फुटून घड्याळ खराब करतात. अल्कलाइन सेल बाहेरून अगदी तसाच दिसतो, पण आतून उलटा असतो. जस्ताची पूड मध्यभागी, तिच्यात खुपसलेली पितळी खीळ तळाच्या चकतीला जोडलेली. मँगनीज डायऑक्साइड पोलादी डब्याला आतून लागून. म्हणजे वरचं रंगीत वेष्टण सोलून काढलं, तर सेलचं अख्खं अंग प्लस असतं. ते वेष्टण कधीही सोलू नका, होल्डरमधल्या मायनसच्या स्प्रिंगला अंग टेकलं की शॉर्ट होतं.

बटण सेलशी गाठ पडली की "उंचवटा म्हणजे प्लस" हा पाठ केलेला नियम फसतो. एलआर४४ सेलमध्ये जस्त असतं लहान, उंच बाजूला. म्हणून तीच बाजू मायनस, आणि रुंद, सपाट बाजू प्लस. सीआर२०३२मध्ये जस्ताऐवजी लिथियम असतं, पण तर्क तोच. लिथियम लहान तोंडाच्या बाजूला, म्हणून ती मायनस. रुंद बाजूवर प्लसची खूण कोरलेली असते.

इथे एक गोष्ट बोलायलाच हवी. घरातली "नकारात्मक ऊर्जा" शोषून घेणारे पिरॅमिड आणि "ऋण आयन" सोडणारी ब्रेसलेट विकणारे लोक विज्ञानाचेच शब्द उचलतात. बॅटरीचा मायनस अशुभ नाही आणि औषधीही नाही. इलेक्ट्रॉन जिथून बाहेर पडतात, ते हे टोक. ही नावंही अमेरिकन शास्त्रज्ञ बेंजामिन फ्रँकलिनने अठराव्या शतकात दिलेली, इलेक्ट्रॉन सापडला १८९७ साली.

होल्डरच्या दोन्ही वायरी काळ्या निघाल्या तर? मल्टीमीटर (व्होल्ट मोजायचं यंत्र) डीसी २० व्होल्टवर ठेवा, काळा प्रोब 'कॉम' (COM) लिहिलेल्या भोकात, लाल प्रोब व्होल्टच्या. आकड्याआधी उणे चिन्ह आलं तर लाल प्रोब मायनसला लागलाय. लाल प्रोब चुकून दहा अँपियरच्या भोकात असेल, तर मीटरच बॅटरीला शॉर्ट करतो, एवढं जपा. मीटर नसेल तर बटाटा कापा. तांब्याच्या दोन्ही वायरींची टोकं सोलून एकमेकांपासून बोटभर अंतरावर खुपसा आणि काही मिनिटं थांबा. प्लसच्या टोकाभोवती हिरवट डाग पडतो, कारण तिथे तांबं इलेक्ट्रॉन गमावून आयन होऊन बटाट्यात उतरतं. मायनसच्या टोकाशी हायड्रोजनचे बारीक बुडबुडे येतात. हा प्रयोग फक्त बॅटरीवर, घरातल्या प्लगवर कधीच नाही. तो बटाटा नंतर फेकून द्या.

आयसी का तापली, हेही सांगतो. ५५५ ज्या सिलिकॉनच्या तुकड्यावर घडवलेली असते, तो पी प्रकारचा (इलेक्ट्रॉनांची उणीव असलेला) असतो आणि मायनसच्या पायाला, म्हणजे १ नंबरच्या पिनला, जोडलेला असतो. त्यावर एन प्रकारची (जास्तीचे इलेक्ट्रॉन असलेली) बेटं असतात, त्यांतली काही ८ नंबरच्या प्लस पिनला जोडलेली. पी आणि एन भेटतात तिथे आपोआप डायोड, म्हणजे करंटला एकाच दिशेने जाऊ देणारी झडप, तयार होतो. बॅटरी सुलट असताना हे डायोड बंद असतात, आणि म्हणूनच बेटं एकमेकांपासून वेगळी राहतात. बॅटरी उलटी लागली की ते सगळे एकदम उघडतात आणि १ कडून ८ कडे जवळपास शॉर्ट होतो. बॅटरी देऊ शकेल तेवढा करंट त्या तांदळाएवढ्या तुकड्यातून जातो.

यावर उपाय एका डायोडचा. १एन५८१९ हा कमी व्होल्ट खाणारा डायोड लाल वायरीत, त्याच्यावरची पट्टी सर्किटच्या बाजूला ठेवून जोडायचा. बॅटरी उलटी लागली तर करंट वाहतच नाही. साधा १एन४००७ही चालतो, पण तो ०.७ व्होल्ट खातो. नऊ व्होल्टमध्ये ते खपून जातं, दोन सेलच्या तीन व्होल्टमध्ये नाही.

भाच्याची पहिली आयसी गेली. दुसरी लावण्याआधी त्याने टोपणावरच्या वायरी बदलल्या, डायोड घातला, आणि लहान बटणाशेजारी मार्करने स्वतः मायनसची खूण केली. प्रदर्शनाच्या टेबलावर त्याने लुकलुकत्या दिव्याशेजारी अर्धा बटाटाही ठेवला. त्याच्या सांगण्याप्रमाणे दिव्यापेक्षा जास्त मुलं बटाट्याजवळ थांबली.