राजासाठी बांधलेली वाट

आइसलँडला गेलेला बहुतेक प्रत्येक प्रवासी राजधानी रेक्याविकहून एक दिवसाची फेरी करतोच. थिंगवेट्लिरची दरी, गेसिरचे उकळते झरे आणि गुलफॉस धबधबा पाहून संध्याकाळी परत. या फेरीला आज ‘गोल्डन सर्कल’ म्हणतात. तिची वाट आखली गेली ती मात्र एका राजासाठी. आइसलँडवर तेव्हा डेन्मार्कची सत्ता होती. १९०७ साली राजा आठवा फ्रेडरिक येणार म्हणून या तिन्ही ठिकाणांपर्यंत रस्ता काढला गेला. त्याला अजूनही ‘राजाचा रस्ता’च म्हणतात.

पाहुण्या राजाला थिंगवेट्लिर दाखवण्यात स्वाभिमानही होता. इ.स. ९३० पासून देशभरचे लोक दर उन्हाळ्यात इथे जमत, कायदे मोठ्याने सांगितले जात, तंटे सुटत. १७९८ पर्यंत ही सभा इथेच भरत राहिली. उत्तर अमेरिका आणि युरेशिया यांची भूपट्टे, म्हणजे पृथ्वीच्या कवचाचे प्रचंड तुकडे, इथे वर्षाला साधारण दोन सेंटिमीटरने एकमेकांपासून दूर सरकतात, त्यातून ही दरी घडली. १७ जून १९४४ रोजी आइसलँडने डेन्मार्कशी नातं तोडून प्रजासत्ताक जाहीर केलं, तेही इथेच, भर पावसात.

गेसिरची गोष्ट वेगळी. जगभरच्या उष्ण फवाऱ्यांना ‘गीझर’ हे नाव याच झऱ्यावरून मिळालं, पण १८९४ साली तो चक्क विकला गेला. घेणारा होता जेम्स क्रेग, पुढे उत्तर आयर्लंडचा पहिला पंतप्रधान झालेला. त्याने कुंपण घालून प्रवेशशुल्क लावलं. १९३५ साली सिगुर्दुर योनासॉन यांनी तो विकत घेऊन देशाला देऊन टाकला. गेसिर आता क्वचितच उसळतो. पाहुण्यांसाठी दर काही मिनिटांनी उडतो तो शेजारचा स्त्रोक्कुर.

मला या तिन्हींत सर्वांत जवळची वाटते ती गुलफॉसची कहाणी. ह्विता नदी इथे दोन टप्प्यांत ३२ मीटर खाली कोसळते. हा जोर पाहून विसाव्या शतकाच्या सुरुवातीला परदेशी भांडवलदारांना वीजनिर्मितीचे वेध लागले आणि धबधब्याचे हक्क भाडेपट्ट्याने गेले. जवळच्या ब्राट्होल्टच्या शेतावर राहणारी सिग्रिदुर तोमासदोत्तिर याविरुद्ध उभी राहिली. शंभरहून अधिक किलोमीटरवरच्या रेक्याविकला ती खेटे घालत राहिली; काम सुरू झालं तर धबधब्यात उडी घेईन, असं ती म्हणाल्याचं सांगतात. तिचे वकील स्वेन ब्यॉर्नसॉन पुढे देशाचे पहिले राष्ट्राध्यक्ष झाले. कोर्टात मात्र तिला यश आलं नाही. भाडं थकल्यामुळे १९२९ साली करार रद्द झाला, धबधबा वाचला तो त्यामुळे. तरी इतकी वर्षं हा विषय तिने विझू दिला नाही, म्हणून लोक श्रेय तिलाच देतात आणि ते योग्यच आहे. १९७९ साली गुलफॉस संरक्षित क्षेत्र झालं. तिचं शिल्प तिथे उभं आहे.

२०१० च्या एयाफ्यात्लायोकुत्ल ज्वालामुखीच्या उद्रेकाने या देशाचं नाव घरोघरी पोचलं. त्या वर्षी पाच लाखांच्या आत असलेले परदेशी पाहुणे २०१८ मध्ये २३ लाखांवर गेले. देशाची स्वतःची लोकसंख्या चार लाखांच्याही आत. गर्दीबरोबर जुना प्रश्न परतला. २०१४ साली गेसिरच्या परिसरात अजून खासगी असलेल्या जमिनीच्या मालकांनी पुन्हा प्रवेशशुल्क घ्यायला सुरुवात केली. सरकार कोर्टात गेलं, वसुली थांबली आणि २०१६ साली उरलेली जमीन सरकारने विकत घ्यायचं ठरवलं.