पाठभर जपानी गोंदण : बंदी, एक निकाल आणि सीमाभागापुढचा प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातल्या तरुणांच्या दंडावर राजमुद्रा आणि मनगटावर त्रिशूळ दिसणे आता नेहमीचे झाले आहे. त्यांतले काही जण मात्र त्यापुढे जाऊन मानेखालून कमरेपर्यंत, कधी मांड्यांपर्यंत उतरणारे जपानी धाटणीचे एकसंध चित्र पाठीवर काढून घेण्याचा विचार करतात. त्यासाठी चोर्ला घाट उतरून गोव्याला किंवा पुण्या-बंगळूरकडे वर्षभर खेपा घालाव्या लागतात. या कामाला इतका काळ का लागतो आणि ज्या देशात ते घडले तिथेच त्याला पाऊणशे वर्षे लपून का राहावे लागले, हे समजून घेतल्याशिवाय आज कर्नाटकात टॅटूच्या नियमांविषयी जे बोलले जात आहे त्याचे मोल कळणार नाही.

पाठीवरचे जपानी काम म्हणजे जागा मिळेल तशी सुटी चित्रे काढत जाणे नव्हे. मध्यभागी एकच मुख्य विषय असतो: ड्रॅगन, धबधबा चढून जाणारा कोई जातीचा मासा किंवा ज्वाळांत उभा असलेला फुदो म्योओ, जो मुळात भारतीय बौद्ध परंपरेतला अचल नावाचा देव आहे आणि चीनमार्गे तिकडे पोहोचला. त्याच्या भोवती लाटा, ढग आणि वाऱ्याचे पट्टे काळ्या-राखाडी छटांत भरले जातात आणि फुले-पाने ऋतू पाहून निवडली जातात. वसंतातली चेरी आणि शरदातला मेपल एकाच चित्रात विनाकारण आणणे जाणकारांना खटकते. पहिल्या काही बैठकांत संपूर्ण पाठीची आउटलाइन होते, मग काळे शेडिंग आणि शेवटी रंग. एक बैठक साधारण दोन ते चार तासांची असते आणि त्याच जागेवर पुन्हा सुई लावण्याआधी कातडी भरून येण्यासाठी दोन ते चार आठवडे जाऊ द्यावे लागतात. घाई केली तर रेघ फुटते आणि रंग डागाळतो. जुने कारागीर बांबूच्या किंवा धातूच्या दांड्याला सुयांचा जुडगा बांधून हातानेच शाई भरत. तेबोरी नावाची ही पद्धत आजही टिकून आहे, मात्र बहुतेक ठिकाणी आउटलाइन यंत्राने आणि छटा हाताने अशी वाटणी झाली आहे.

या शैलीचा उदय एदो (आजचे टोकियो) हे सत्ताकेंद्र असलेल्या, 1603 ते 1868 या काळातला. 1720 च्या सुमारास गुन्हेगाराचे नाक-कान कापण्याऐवजी त्याच्या हातावर, काही प्रांतांत कपाळावर, खुणा गोंदण्याची शिक्षा सुरू झाली आणि पुढे त्या खुणा झाकण्यासाठी त्यांवर मोठी चित्रे काढून घेतली जाऊ लागली. 1827 पासून 108 बंडखोरांच्या एका चिनी कथेवरची रंगीत लाकूडठशांची मालिका बाजारात आली. त्या वीरांच्या अंगभर गोंदणे रंगवलेली होती आणि ती पाहून एदोतले आग विझवणारे, पालखी वाहणारे, इमारतीच्या परांचींवर चढून काम करणारे मजूर स्वतःच्या पाठीवर तशीच चित्रे मागू लागले. आग विझवणाऱ्यांना ड्रॅगन विशेष प्रिय होता, कारण तो पाण्याचा स्वामी मानला जातो. गुन्हेगारांची शैली हा शिक्का तिच्यावर बसला असला, तरी ती घडवली मुख्यतः कष्टकऱ्यांनी, हे विसरता कामा नये.

शिक्षेचे गोंदण 1870 मध्ये रद्द झाले आणि दोनच वर्षांत, 1872 मध्ये, शोभेच्या गोंदणावर सरसकट बंदी आली. पाश्चात्त्य राष्ट्रांच्या नजरेत आपण रानटी दिसू नये, ही त्यामागची चिंता होती. याच धोरणात उत्तरेकडच्या ऐनू जमातीतल्या स्त्रियांच्या ओठांभोवतीचे आणि दक्षिणेकडच्या र्‍युक्यू बेटांवरच्या स्त्रियांच्या हातांवरचे गोंदणही बेकायदा ठरले आणि त्या दोन्ही परंपरा जवळजवळ संपल्या. विसंगती अशी की, ज्यांच्या भीतीने बंदी आणली तेच गोरे पाहुणे बंदरांवर येऊन गोंदून घेत राहिले. पुढे इंग्लंडचा राजा झालेल्या एका राजपुत्राने 1881 मध्ये जपानमध्ये हातावर ड्रॅगन काढून घेतला. स्थानिक माणसाला मात्र हे काम गुपचूप, आतल्या खोलीत करून घ्यावे लागे. ही बंदी 1948 मध्ये, परकीय फौजांच्या ताब्याच्या काळात उठली, पण तोवर लपवण्याची सवय शैलीतच मुरली होती: कपड्याच्या कडेपाशी थांबणारे हातावरचे गोंदण, छातीच्या मधोमध मोकळी सोडलेली पट्टी, कॉलरच्या खाली संपणारी पाठ.

कायद्यातली बंदी गेली तरी संशय राहिला. संघटित गुन्हेगारी टोळ्यांशी गोंदणाचे नाते सिनेमाने पक्के केले आणि सार्वजनिक स्नानगृहांच्या दारांवर मनाईचे फलक लागले. 2015 च्या एका सरकारी पाहणीत उत्तर देणाऱ्या हॉटेलांपैकी सुमारे 56 टक्के ठिकाणी गोंदण असलेल्या पाहुण्याला स्नानगृहात घेत नसल्याचे दिसले. याच वातावरणात तो खटला उभा राहिला, ज्याचा विचार सीमाभागातल्या वाचकाने मुद्दाम करावा असे मला वाटते.

2001 मध्ये जपानच्या आरोग्य खात्याने एक पत्रक काढले होते. सुईने कातडीत रंग घालणे हे वैद्यकीय कृत्य असून डॉक्टरचा परवाना नसलेल्याने ते करू नये, असा त्याचा आशय होता. रोख होता भुवया-ओठ कायमचे रंगवणाऱ्या सौंदर्यव्यवसायावर. पण ओसाका परिसरातल्या पोलिसांनी त्याच आधारावर 2015 मध्ये एका गोंदणकाराला डॉक्टरी कायद्याखाली आरोपी केले. दंड भरून मोकळे होण्याचा सोपा मार्ग त्याच्यापुढे होता. तो त्याने नाकारला आणि खटला लढवला. खालच्या न्यायालयाने 2017 मध्ये त्याला दोषी धरून दीड लाख येनचा दंड केला. युक्तिवाद असा की, सुईमुळे जंतुसंसर्ग होऊ शकतो, तो टाळायला वैद्यकीय ज्ञान लागते, म्हणून कृत्य वैद्यकीय. हा तर्क वरवर बिनतोड वाटतो. मात्र तो मान्य केला तर देशात गोंदणाचा धंदा करू शकणारा माणूस उरत नाही, कारण डॉक्टर गोंदायला बसत नाहीत आणि गोंदणारे सहा वर्षे वैद्यक शिकत नाहीत. 1872 मध्ये जे उघड बंदीने केले, ते इथे परवान्याच्या वाटेने झाले असते.

वरच्या न्यायालयाने 2018 मध्ये निकाल फिरवला आणि सप्टेंबर 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरकारी पक्षाचे अपील फेटाळले. केवळ धोका आहे म्हणून एखादे कृत्य वैद्यकीय ठरत नाही, तर ते उपचाराशी आणि आरोग्याच्या मार्गदर्शनाशी निगडित असावे लागते. गोंदणाला वैद्यकाहून वेगळे, चित्रकलेचे कौशल्य लागते, ते शोभेचे आणि प्रतीकाचे काम म्हणून समाजात चालत आलेले आहे आणि डॉक्टरांनी ते कधी केलेले नाही, असे न्यायालयाने नोंदवले. यामुळे धोका नाहीसा झाला असे कोणी म्हणत नाही. धोका असेल तर त्यासाठी स्वतंत्र नियम करावेत, दुसऱ्या कामासाठी लिहिलेला कायदा ओढून-ताणून लावू नये, एवढेच त्यातून निघते. आणि माझ्या मते तेच योग्य होते.

दरम्यान ही शैली बाहेर पडली होती. हवाईतल्या आणि अमेरिकेतल्या कारागिरांनी साठ-सत्तरच्या दशकांत जपानी उस्तादांशी पत्रव्यवहार करून, काहींनी तिकडे जाऊन, पाठभर चित्राची रचना शिकून घेतली. पुढे दूरचित्रवाणी आणि मोबाइल यांनी ती गोव्याच्या किनाऱ्यापर्यंत आणली.

आपल्या भागाला सुईची ओळख नवी नव्हती. आजीच्या हातावरची तुळस आणि कपाळावरचा ठिपका कोरवी समाजाच्या बायकांनी काजळीने गोंदलेला असे आणि चिंचलीच्या मायाक्काच्या किंवा सौंदत्तीच्या यल्लम्माच्या जत्रेला जाणाऱ्यांना गोंदणारे परके नव्हते. शिक्षेचे गोंदणही या देशाने पाहिले: कंपनी सरकार बंगाल आणि मद्रास इलाख्यांत जन्मठेपेच्या कैद्यांच्या कपाळावर अक्षरे गोंदत असे आणि 1849 मध्ये ते थांबले. मात्र आपल्याकडचे गोंदण लहान, बहुतांशी स्त्रियांचे आणि एका बैठकीत संपणारे. पाठभर चित्राचे प्रश्न वेगळे आहेत.

त्यांतला पहिला भरतीचा. बेळगावात मराठा पायदळाचे केंद्र आहे आणि सीमाभागातल्या कितीतरी घरांतली मुले पहाटे धावतात ती याच आशेने. लष्कराच्या भरतीत कायमचे गोंदण कोपराच्या आतल्या बाजूपासून मनगटापर्यंत आणि तळहाताच्या मागच्या बाजूला चालते. अन्यत्र असेल तर उमेदवार बाद होतो, आणि प्रथेने गोंदणाऱ्या आदिवासी जमातींसाठी सवलत आहे. म्हणजे पाठीवरचा ड्रॅगन कितीही सुंदर असला तरी तो हा दरवाजा बंद करतो. अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलाला पहिल्या रेघेआधी कोणीतरी हे स्पष्ट सांगितले पाहिजे. दुसरा प्रश्न तालमीचा. ताजी गोंदलेली पाठ घेऊन तांबड्या मातीत उतरणे म्हणजे जखमेत माती घालणेच आहे, त्यामुळे प्रत्येक बैठकीनंतर पैलवानाला काही आठवडे लढती सोडाव्या लागतात आणि हे वर्षभर चालते. तिसरा रक्तदानाचा: गोंदल्यानंतर 12 महिने रक्त देता येत नाही आणि ही मुदत शेवटच्या बैठकीपासून मोजायची असल्याने शिवजयंतीच्या शिबिरांतून असा तरुण दोन वर्षे तरी बाहेर राहतो.

चौथा प्रश्न शाईचा, आणि तो सर्वांत ताजा आहे. युरोपात 2022 पासून गोंदणाच्या शाईतल्या हजारो रसायनांवर निर्बंध आले आणि 2023 पासून जपानी लाटा-पानांत भरपूर लागणाऱ्या एका निळ्या आणि एका हिरव्या रंगद्रव्यावरही. कर्नाटक सरकारने 2025 मध्ये शाईच्या नमुन्यांत जड धातू आढळल्याचे सांगून नियम करण्याचा मनोदय जाहीर केला. पाठभर चित्रात कातडीत जाणारी शाई मनगटावरच्या नावाच्या कित्येक पट असते, त्यामुळे शुद्ध शाई, एकदाच वापरायची सुई आणि कामाची लेखी नोंद यांची सक्ती झालीच पाहिजे. पण तो नियम लिहिताना गोंदणकाराला कारागीर मानायचे की परवाना नसलेला डॉक्टर, हे आधी ठरवावे लागेल. नाहीतर शहरातली महागडी दुकाने कशीबशी तग धरतील आणि जत्रेत बसणारी गोंदणारीण तेवढी उठवली जाईल.