डाउनविंडच्या दिवसाआधी एवढं वाचून या

काइटसर्फिंगचे, म्हणजे मोठ्या पतंगाच्या (काइटच्या) ओढीने बोर्डवर उभं राहून पाण्यावरून जाण्याचे, पहिले धडे झाले की तिसऱ्या-चौथ्या दिवशी बहुतेक जण आम्हाला एकच विचारतात, "आता तारकर्लीहून सरळ वाऱ्याबरोबर देवबागकडे जाऊया का?" तोवर बोर्ड काखेत मारून वाळूतून परत वर चालून त्यांचे पाय भरून आलेले असतात, त्यामुळे प्रश्न रास्तच असतो. डाउनविंड, म्हणजे वाऱ्याबरोबर जायचं, म्हणजे घाटाच्या उतारावर सायकल सोडून द्यायची, असं वाटतं. प्रत्यक्षात मात्र वारा पाठीशी घेतला की तो कमी पडायला लागतो.

पाठीवर वारा घेऊन स्कूटर चालवली असेल तर आठवून बघा. गाडीचा वेग वाऱ्याइतका झाला की गालाला हवा लागेनाशी होते. काइटचंही तसंच होतं. समुद्रावर १५ नॉट वारा आहे (१ नॉट म्हणजे ताशी १.८५ किमी) आणि तुम्ही १० नॉटने थेट त्याच दिशेने निघालात, तर डोक्यावर स्थिर ठेवलेल्या काइटला उरतो जेमतेम ५ नॉट. तेवढ्यावर ती हवेत टिकत नाही. लाटेच्या उतारावरून खाली आलात तर वेग आणखी वाढतो, आणि तुम्ही काइटच्याच खाली जाऊन पोचता.

मग लाइन, म्हणजे काइटच्या दोऱ्या, ढिल्या पडतात. बारवरची (काइट चालवायच्या दांडीवरची) ओढ एकदम जाते, हातात काहीच नसल्यासारखं वाटतं. या क्षणी शंभरातले शंभर जण बार छातीशी ओढतात. हात आपोआप तेच करतात, पण नेमकं तेच करायचं नाही. बार ओढला की काइटची मागची कड खेचली जाते, ती मागे मागे सरकते आणि पाण्यात बसते. शिवाय २०-२४ मीटरच्या ढिल्या लाइन पायाभोवती येतात, आणि काइटने पुन्हा वारा पकडला तर झटका त्याच पायाला बसतो. त्यामुळे बार पुढे सोडा, टाचांवर भार देऊन बोर्ड वाऱ्याला आडवा करा आणि वेग कमी करा. लाइन ताठ झाल्या की मगच काइट वळवा. किनाऱ्यावर आम्ही हे तुमच्याकडून नुसत्या बारवर वीस वेळा करून घेतो. तेव्हा सगळे हसतात.

वेग टिकवायचा तर काइट सतत फिरती हवी. आडव्या पाडलेल्या 8 च्या आकड्यासारखी ती एका बाजूने दुसऱ्या बाजूला नेत राहा, कारण फिरती काइट आपला वारा स्वतःच तयार करते. आणि क्रम लक्षात ठेवा: आधी काइट, मग बोर्ड. काइट खाली झेपावली, ओढ लागली, की तिच्यामागे बोर्ड वळवायचा. बोर्डची कड फार गाडू नका, तो जरा सपाट धरा. सुरुवातीला नाकासमोर वाऱ्याच्या दिशेने जाण्याचा हट्ट नको. तिरकं, नागमोडी जा. अंतर थोडं वाढतं, पण लाइन ताठ राहतात.

आता वाऱ्याबद्दल. आपल्याकडे पहाटे आणि सकाळी मतलई वारे जमिनीकडून समुद्राकडे जातात. ते कितीही छान वाटले तरी त्यांच्यावर आम्ही कुणालाच पाण्यात सोडत नाही, कारण पडलात तर ते तुम्हाला बाहेर घेऊन जातात. दुपारी खारे वारे सुरू होतात, आधी साधारण पश्चिमेकडून, आणि दिवस कलेल तसे वायव्येकडून. समुद्राकडे तोंड करून उभे राहा, उजव्या गालावर वारा लागला की आपली वेळ झाली. हा वारा तुम्हाला दक्षिणेकडे नेतो आणि हळूहळू किनाऱ्याकडेही ढकलतो. शिकणाऱ्याला याहून चांगला वारा नाही. फेब्रुवारी ते मे हा त्याचा खरा हंगाम. पावसाळ्यात आम्ही बंद असतो.

बुकिंगची तारीख कॅलेंडरवर बघता तशी पंचांगातही बघा, ही आमची आग्रहाची विनंती. तिथीला पाऊणने गुणलं की भरतीची ढोबळ वेळ मिळते, हा हिशोब इथल्या कुठल्याही मच्छीमाराला तोंडपाठ असतो. अष्टमीला आठ पाऊण सहा, म्हणजे संध्याकाळी सहाला भरती. दुपारभर पाणी खाडीत आत येत असतं, आणि भांगाचे दिवस असल्याने त्याला जोरही कमी. पौर्णिमेला किंवा अमावास्येला उलट. भरती दुपारच्या आत होऊन जाते आणि वारा ऐन भरात असताना उधाणाची ओहोटी कर्ली नदीच्या मुखातून बाहेर धावते. बाहेर जाणारं पाणी आणि समोरून येणारा वारा भिडले की देवबागच्या संगमावर लाटा उभ्या राहतात. त्यात पर्यटकांच्या बोटी. म्हणून पहिली राईड आम्ही अष्टमी-नवमीच्या आसपास ठेवतो आणि संगमाच्या बऱ्याच अलीकडे संपवतो. शेवटच्या खुणेला आमचा माणूस लाल झेंडा घेऊन उभा असतो. तो दिसला की डावीकडे किनारा धरायचा, "अजून थोडं" म्हणायचं नाही.

वाटेत रापण लागलेली असेल तर तिला लांबून वळसा घाला. रापणीचं जाळं किनाऱ्यापासून पाण्यात दूरवर जातं आणि वरून दिसतात ते फक्त तरंगणारे बोये. आमच्यातल्याच एकाची काइट शिकताना नेमकी त्या बोयांवर पडली होती. दोर ओढणारे थांबले, आणि त्यांतले एक आजोबा म्हणाले, "ह्यो खयचो मासो गावलो रे?" त्या दिवशी त्यांचा अर्धा तास गेला आणि आमच्या माणसाने संध्याकाळपर्यंत दोर ओढला. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या बाजूलाही जायचं नाही, तिथे खडक आहेत आणि स्नॉर्केलिंग करणारी माणसं पाण्यात असतात.

राईडला नेण्याआधी आम्ही तीन गोष्टी पाहतो: पाण्यात पडलेली काइट एकट्याने उठवता येते का, बोर्ड सुटला तर अंगाने वाऱ्याच्या वर सरकून तो गाठता येतो का, आणि डोळे मिटून क्विक रिलीज (काइटची ओढ झटक्यात सोडवणारा खटका) हाताला सापडतो का. यातलं एक जरी कच्चं असेल तर तो दिवस सरावाचा. पैसे पुढच्या राईडमध्ये वळते होतात. वारा पडला तरी तोच नियम.

हेल्मेट आणि जॅकेट आमचं. बोर्ड पायाला दोरीने बांधू देत नाही. पडल्यावर तो उसळून डोक्यात बसतो. परतीला गाडी असते, तिच्यात कोरडे कपडे आणि चष्मा ठेवून द्या. दीडपर्यंत या, पोट हलकं ठेवून. सोलकढी चालेल, सुरमईचं ताट परत आल्यावर.