माशीच्या मानेवरचे शेंदरी ठिपके

पाऊस जरा उघडला म्हणून सकाळी कोथरूडच्या आमच्या गच्चीत कुंड्या बघत होते. जास्वंदीच्या पानावर जेमतेम तांदळाच्या दाण्याएवढी, सोनेरी-हिरवी चकाकणारी माशी बसलेली. मोबाइलवर फोटो काढून मोठा केला, तर मानेजवळ दोन आणि पोटाच्या कडेला एक, असे तीन शेंदरी ठिपके. आधी वाटलं, परागकण असतील. पण परागकणांना पाय नसतात!

आधी माशी ओळखू. पंखांची एकच जोडी, म्हणजे ही माशीच. मागच्या जोडीच्या जागी तोल सांभाळणाऱ्या इवल्याशा गदा असतात. कचऱ्यावर बसणारी हिरवी माशीही अशीच चमकते, पण ती जाडजूड आणि आकाराने जवळजवळ दुप्पट. हिचं अंग सडपातळ, पाय काटकुळे आणि लांब. ही डोलिकोपोडिडी कुळातली. या कुळाच्या 7,000हून जास्त जाती आहेत, त्यामुळे नुसत्या फोटोवरून जात सांगणं धाडसाचं. त्यासाठी पंखांवरच्या शिरा आणि बऱ्याचदा नराचे जननअवयव सूक्ष्मदर्शकाखाली पाहावे लागतात.

आता ठिपके. ते माइट, म्हणजे कोळ्यांचे दूरचे भाऊबंद. मोठ्या माइटला आठ पाय असतात, पण अंड्यातून निघालेल्या पिल्लाला सहाच. पिल्लू माशीच्या मानेत, पंखाच्या मुळाशी, पोटाच्या दोन वळ्यांमध्ये, जिथे कवच मऊ असतं तिथे तोंड रुतवून अंगातला द्रव शोषतं. लाल रंग मात्र माशीच्या रक्ताचा नव्हे. माशीचं रक्त लाल नसतंच. रंग माइटचा स्वतःचा. पोट भरलं की पिल्लू गळून मातीत पडतं, पुढे त्याला आठ पाय येतात आणि ते स्वतः शिकार करत हिंडू लागतं.

याच गोतावळ्यातला एक जण आपल्या चांगल्या ओळखीचा आहे. पहिल्या पावसानंतर जमिनीतून वर येणारा, लहानपणी आम्ही काडेपेटीत ठेवायचो तो मखमली मृगाचा किडा! त्याचंही बालपण असंच दुसऱ्याच्या अंगावर जातं.

माशीवरचा प्रत्येक माइट रक्तपिपासू असतो असं मात्र नाही. शेणखतावर किंवा ओल्या कचऱ्याच्या डब्यात घोंघावणाऱ्या घरमाशीला तपकिरी, आठ पायांचे माइट चिकटलेले दिसले, तर ते बहुधा प्रवासी. एका ढिगावरून दुसऱ्यावर जायला त्यांना माशीची रिक्षा लागते. भाडं म्हणाल तर उलटंच: उतरल्यावर ते घरमाशीचीच अंडी खातात.

शेजारच्या काकू म्हणाल्या, "अगं, औषध मार की त्या लाल किड्यांवर." पण पानांचा रस शोषणारा लाल कोळी वेगळा, हे वेगळे; झाडाला यांचा काही त्रास नाही. शिवाय ही हिरवी माशी मावा, म्हणजे झाडाचा रस शोषणारे बारीक किडे, खाते. जास्वंदीच्या कळ्यांवर मावा भरपूर होता, म्हणून फवारणीचा पंप मी परत माळ्यावर टाकला.